बटणावाचून काही अडत नाही

माणसाचं बटणावाचून काही अडत नाही. सूर्य बटणाशिवाय उगवतो, झाडं बटणाशिवाय वाढतात, आणि आमचे साहेब तर कोणीही कुठलंही बटण न दाबता दिवसभर चालू असतात. तेव्हा एका लहानशा बटणापायी कॉम्प्युटरसारखं हुशार यंत्र मुकाट बसून राहील, हे माझ्या बुद्धीला पटणारं नव्हतं.

हे विचार मी बायकोला ऐकवत होतो तेव्हा ती टेबलाखाली वाकून एका भोकात बघत होती. सकाळपर्यंत तिथे बटण होतं.

"चिंता करू नकोस," मी म्हणालो. "बटण फक्त आत गेलंय."

"गेलं नाही," ती आतूनच म्हणाली. "घातलंत."

आता इथे थोडा खुलासा केला पाहिजे, नाहीतर वाचक तिची बाजू घेतील.

आमचा कॉम्प्युटर जुना आहे. टेबलाखाली उभा असतो आणि सुरू झाला की म्हातारा माणूस जिना चढून आल्यासारखा धापा टाकतो. त्याचं बटण गेली काही वर्षं हट्टी झालं होतं. बायको ते पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, जरा डावीकडे रेलून, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसं दाबायची. मग तो सुरू व्हायचा. मी दाबलं तर होत नसे. हे मला अर्थातच खुपत होतं.

बायको शब्दकोडी रचते. आडवे शब्द, उभे शब्द, काळे चौकोन. एका साप्ताहिकात तिचं कोडं कित्येक वर्षं येतंय. घरातही ती कधीकधी त्याच भाषेत बोलते. मी उशिरा उठलो तर म्हणते, "तीन अक्षरी, कुंभकर्णाचा गुण." या कोड्यांचं पुस्तक काढायचं एका प्रकाशकाने मनावर घेतलं होतं. तिचं पहिलं पुस्तक! फक्त सगळी कोडी त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची होती. उशीर झाला तर छापखान्यातली तिची पाळी 'कुंडीतली बाग' नावाच्या पुस्तकाला मिळणार होती, आणि पुन्हा पाळी कधी येईल ते प्रकाशकालाही सांगता येत नव्हतं. कोडी तयार होती. एकच तपासायचं राहिलं होतं. आणि सगळीच्या सगळी टेबलाखालच्या त्या म्हाताऱ्याच्या पोटात होती. दुसरीकडे कुठे त्यांची प्रत ठेव असं मी सुचवलं होतं, पण आपल्या वस्तू आपल्या घरात बऱ्या, हे तिचं धोरण. बँकेतल्या लॉकरबद्दलही तिचं हेच मत आहे.

अशा दिवशी नवऱ्याने काय करावं? काहीच करू नये. पण मी रजा काढली. बायकोच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, तिला मदत करणारं घरात कोणी नको? ती आंघोळीला गेल्यावर मला वाटलं, ते हट्टी बटण आज आपण सरळ करून ठेवू. ती येईल, बोटाने अलगद दाबेल, आणि चकित होईल. म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने बटणाला जरा समज दिली. आत कुठेतरी टण्णकन आवाज झाला, मग घरंगळल्याचा, मग शांतता. चकित मात्र ती झाली.

*

अशा वेळी घराण्यातला तज्ज्ञ आठवतो. आमचे धाकटे मेहुणे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. ते तिथे नक्की काय करतात हे सासऱ्यांनाही माहीत नाही, पण डॉक्टर डोळ्यांचा असला तरी नातेवाईक त्याला गुडघा दाखवतातच. मी त्यांना फोन लावला. ते विमानतळावर विमानाची वाट बघत होते. त्यांनी व्हिडिओ सुरू करायला सांगितलं.

"भावोजी, कॅमेरा उलटा धरलाय. मला तुमचं नाक दिसतंय."

मी नाक काढून कॉम्प्युटर दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून त्याला आडवा केला आणि एका बाजूचा पत्रा उघडला. आत जेवढी धूळ होती तेवढी जमीन असती तर मी जमीनदार झालो असतो. एका कोपऱ्यात बारीक पिनांच्या दोन रांगा होत्या. बटण म्हणजे काही देव नव्हे, मेहुणे म्हणाले. बटण फक्त यातल्या दोन पिना क्षणभर एकमेकींना भेटवतं. तेच काम स्क्रू ड्रायव्हरचं टोक करू शकतं. टेकवायचं आणि उचलायचं.

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. बटणावाचून काही अडत नाही, ते हेच!

मेहुण्यांनी दाखवलेल्या दोन पिनांवर मी टोक टेकवलं. आणि काय सांगू, म्हाताऱ्याने धाप टाकली! पंखा फिरू लागला, दिवा लागला. मी आनंदाने मान वळवून म्हणालो, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आणखीही बरंच म्हणालो. तेवढ्यात धाप थांबली. दिवा गेला.

"भावोजी," मेहुणे फोनमधून म्हणाले, "टेकवा आणि उचला म्हणालो होतो. तुम्ही टेकवूनच भाषण केलंत."

बटण दाबून धरलं की यंत्र आपोआप बंद होतं म्हणे. दुसऱ्या वेळी मी तोंड मिटून टेकवलं आणि उचललं. कॉम्प्युटर सुरू झाला. पडदा उजळला. विमानात बसायची वेळ झाली म्हणून मेहुण्यांनी निरोप घेतला, आणि जाता जाता एक गोष्ट सांगून गेले. यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये अशी सोय असते की घरातली वीज जाऊन परत आली की कॉम्प्युटर आपला आपण सुरू होतो. मग बटण नको, स्क्रू ड्रायव्हर नको. सवडीने करा, ते म्हणाले.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. बायको खुर्ची ओढून बसलीच होती. पण गॅसवर दूध होतं, त्याची तिला आठवण झाली आणि ती स्वयंपाकघरात पळाली. मी एकटा राहिलो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस आणि चालू कॉम्प्युटर यांना एका खोलीत एकटं सोडू नये.

मला वाटलं, दर वेळी पत्रा उघडून पिनांना टोचत बसणं हे आपल्यासारख्या घराला शोभत नाही. कायमचा इलाज हवा. मी कॉम्प्युटर नव्याने सुरू व्हायला सांगून सुरू होताना येणारी आतल्या सेटिंगची निळी पाटी गाठली. सोय सापडली. वीज परत आल्यावर काय करावं, याला तीन पर्याय होते: बंद राहावं, चालू व्हावं, किंवा पूर्वीच्या स्थितीत जावं. 'चालू व्हावं' हे मला जरा हुकूमशाही वाटलं. 'पूर्वीची स्थिती' यात कसं समंजस, घरंदाज काहीतरी होतं. मी ते निवडलं, जपून ठेवलं, आणि आता खात्री करून बघावी म्हणून कॉम्प्युटर बंद केला.

बायको हात पुसत आली.

"बंद का?"

"सुरू करण्यासाठी," मी म्हणालो.

*

आता घरातली वीज घालवून परत आणायची होती. कॉम्प्युटरचा प्लग पुस्तकांच्या कपाटामागे आहे, आणि त्या कपाटात बायकोचे सगळे शब्दकोश असल्याने ते हलवायला क्रेन लागते. पण मेन स्विच तर दाराबाहेर, जिन्यातच आहे. कॉम्प्युटरच्या मागची वायर नुसती उपसून पुन्हा खोचली तरी तेच झालं असतं, हे बायकोने मला रात्री जेवताना सांगितलं. त्या क्षणी ते मला सुचलं नाही. सोप्या गोष्टी सुचायला मन मोकळं असावं लागतं, माझं विज्ञानाने भरलं होतं.

जिन्यातल्या पेटीत तीन मेन स्विच आहेत, प्रत्येक मजल्याचा एक. कोणता कोणाचा ते लिहिलेलं असायचं, पण मागच्या रंगकामात रंगाऱ्याने भिंतीबरोबर अक्षरांवरूनही मायेने ब्रश फिरवला होता. आपण मधल्या मजल्यावर, तेव्हा मधला स्विच आपला. तर्कशास्त्र! मी मधला खाली ओढला.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांच्या यंत्राची किणकिण दिवसभर आमच्या घरात ऐकू येते, इतकी की ती थांबली तरच लक्षात येते. ती थांबली. तिच्या जागी माणसाच्या घशातून निघणारा एक लांबलचक स्वर ऐकू आला, ज्यात एकही व्यंजन नव्हतं.

मी स्विच ताबडतोब वर केला आणि घरात येऊन पेपर वाचत बसलो. पण पावलं वर आलीच. दारात डॉक्टर उभे होते, हातांत रबरी हातमोजे, तोंडावरचा मास्क हनुवटीवर. त्यांच्या मागे पेशंट. गळ्यात कागदी रुमाल, एका गालात कापूस, तोंड उघडंच. त्यांना कोणी वर बोलावलं नव्हतं, पण आपला दात अर्धा कोरून डॉक्टर कुठे निघाले हे बघायचा हक्क त्यांना होता.

"मेन स्विचला कोणी हात लावला?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज शांत होता. हे लोक शांत आवाजातच सुई पुढे करतात.

मी विजेच्या खात्याबद्दल सर्वसाधारण मत मांडायला सुरुवात केली होती, पण बायकोने मधेच सगळं खरं सांगून टाकलं. बटण, कोड्यांचं पुस्तक, पाच वाजता. कोड्यांचं ऐकून डॉक्टरांचा चेहराच बदलला.

"वहिनी, म्हणजे ती साप्ताहिकातली कोडी तुमची? अहो, त्यांच्यावर माझा दवाखाना चालतो. कोडं सुटेपर्यंत पेशंट बाहेर बसून राहतात. नाहीतर निम्मे लोक किणकिण ऐकून घरी निघून जातील."

पेशंटनीही जोरात मान हलवली. त्यांच्या खिशातून साप्ताहिकाचं दुमडलेलं पान डोकावत होतं.

तसाही डॉक्टरांच्या यंत्रात पुन्हा हवा भरायला वेळ लागणार होता. ते थांबले. आम्ही सगळे मिळून जिन्यात गेलो आणि या वेळी डॉक्टरांनी स्वतः आमचा खरा स्विच, म्हणजे सर्वांत वरचा, खाली ओढून वर केला. घरात फ्रिज दचकला, पंखे फिरू लागले, दिवाणखान्यातलं विजेवरचं घड्याळ वेळ विसरून बारा वाजल्याचं सांगू लागलं. कॉम्प्युटर तसाच.

"तुम्ही त्यात नेमकं काय निवडलंत?" बायकोने विचारलं.

"पूर्वीची स्थिती."

"आणि वीज जायच्या पूर्वी तो कसा होता?"

"बंद."

यंत्राने माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती. घरात माझं इतकं ऐकणारं दुसरं कोणी नाही.

मी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला, पण कॉम्प्युटर या गडबडीत इकडचा तिकडे झाला होता आणि त्या बारीक पिनांपैकी कोणत्या दोन, हे मला आता खात्रीने सांगता येईना. मेहुणे आकाशात होते, फोन बंद. अंदाजाने टेकवून बघू, मी म्हणालो. बायको माझ्या आणि कॉम्प्युटरच्या मधे येऊन उभी राहिली.

"अंदाजाने नाही," ती म्हणाली. "आत माझं पुस्तक आहे."

*

तेव्हा डॉक्टर पुढे सरसावले. खिशातून त्यांनी लांब दांड्याचा तो छोटा आरसा काढला आणि बटणाच्या भोकात घातला. पेशंटना टॉर्च धरायला दिला. बराच वेळ त्यांनी आत पाहिलं. शेवटी म्हणाले, मुळापासून सुटलंय पण शाबूत आहे, काढून परत बसवता येईल.

"जरा मोठं उघडा," ते म्हणाले. सवयीने. पेशंटनी तोंड आणखी उघडलं.

बारीक चिमट्याने त्यांनी ते बटण ज्या हळुवारपणे बाहेर काढलं, ते पाहून माझे स्वतःचे दोन दात मला उगीचच आठवले. मग ते खाली जाऊन दातात भरायचं सिमेंट घेऊन आले, बटण जागेवर बसवलं, भोवती सिमेंट भरलं आणि त्यावर निळा दिवा धरला. क्षणात सगळं दगडासारखं घट्ट.

"आता दोन तास काही खायला..." ते म्हणाले आणि थांबले.

बायकोने पेन्सिल घेतली. मागच्या टोकाने, जरा डावीकडे रेलून, दाबलं. धाप! दिवा! पडदा उजळू लागला, मी डॉक्टरांचा हात हातात घेतला, पेशंटनी टॉर्चचा प्रकाश छतावर नाचवला, आणि कॉम्प्युटर बंद पडला.

बटण आत गेलं होतं ते बाहेर आलंच नव्हतं. सिमेंट कडेने आत झिरपून दाबलेल्या स्थितीतच त्याला कायमचं पकडून बसलं होतं. डॉक्टरांनी चिमट्याने ओढून पाहिलं. हललं नाही.

"माझं काम पक्कं असतं," ते म्हणाले. अभिमान आणि लाज एकाच वाक्यात बसलेली मी प्रथमच ऐकली.

दुपार उतरत चालली होती. बायको खुर्चीवरून उठली आणि त्या उघड्या कॉम्प्युटरजवळ जमिनीवर बसली. रागावली असती तर मला चाललं असतं, रागाची मला सवय आहे. पण ती फक्त म्हणाली, "बागेचं पुस्तकही चांगलंच असेल म्हणा. लोकांना झाडं आवडतात."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. माझ्याकडे एरवी असं पुष्कळ असतं. त्या वेळी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो, एवढंच.

जमिनीवर बसल्यामुळे मला एक गोष्ट दिसली. टॉर्च अजून पेशंटच्या हातात होता आणि प्रकाश भलतीकडेच पडत होता. बटणाच्या खाली आणखी एक इवलंसं बटण आहे, हरभऱ्याएवढं, त्यावर. मघापासून डॉक्टर त्यांना "सरळ धरा" म्हणत होते आणि ते पुन्हापुन्हा तिथेच नेत होते. मला वाटलं, भूल हातापर्यंत उतरली.

बायकोने मात्र त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला काही सांगायचंय का?"

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की गालातला कापूस पडला. जीभ जड, ओठ एकीकडे लोंबलेला, शब्द फुटेना. बायकोने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे खालचं बटण? होकार. ते चालू आहे? होकार. ते या वरच्या बटणाचं काम करील? होकार, होकार. कसं?

'कसं' याला मान हलवून उत्तर देता येत नाही. तिने आपली चौकोनांची वही आणि पेन्सिल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी भराभर दोन ओळी चौकोन आखले, काही रिकामे ठेवले, एक काळा केला, आणि बाण काढले. मला ते ज्योतिषाच्या कुंडलीसारखं वाटलं. डॉक्टरांना जबड्यासारखं. बायकोने क्षणभर पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा अवघड शब्द सापडल्यावर उजळतो.

"हे कोडंच आहे," ती म्हणाली. "आडव्या ओळी दोन, आणि या कोपऱ्यात पिन नाही, तो काळा चौकोन. म्हणजे इथून मोजायचं."

खालचं बटण कॉम्प्युटर अडकला तर नव्याने सुरू करायला असतं. त्याचीही एक जोडवायर त्याच पिनांच्या रांगेत खोचलेली होती. तिने अडकून बसलेल्या बटणाची वायर उपसली, खालच्या बटणाची वायर काढून त्या जागी खोचली. आरसा, चिमटा, सिमेंट, विज्ञान काही लागलं नाही. दोन बोटं लागली. मग तिने ते हरभऱ्याएवढं बटण करंगळीने दाबलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. आम्ही कोणी हललो नाही. टाळ्या नाहीत, भाषण नाही, श्वाससुद्धा बेताने. तो चालूच राहिला.

काखेत कळसा म्हणतात तो असा. इतकी वर्षं ते बटण तिथे होतं आणि मी त्याला शोभेचं समजत होतो.

तिने राहिलेलं कोडं तपासलं. तेवढा वेळ मी दाराला पाठ लावून उभा होतो, कोणी, विशेषतः मी, काही करू नये म्हणून. पाच वाजायला थोडाच अवकाश असताना तिने पुस्तक पाठवलं. मग चहा झाला. पेशंटना पिता येईना, त्यांनी नुसता वास घेतला. थोड्या वेळाने दोघे खाली गेले आणि ती किणकिण पुन्हा सुरू झाली. इतकी सुरेल मला ती कधीच वाटली नव्हती.

ते गृहस्थ बँकेत मॅनेजर होते असं पुढे कळलं. जीभ ताळ्यावर आल्यावर ते एकदा मुद्दाम आमच्या घरी आले आणि पेढीवर बसल्यासारखे ऐसपैस बसून बोलून गेले. पिनांची एवढी माहिती कशी, म्हणून मी विचारलं. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरचं बटणही असंच आत गेलं होतं, म्हणाले. कोणी घातलं ते मी विचारलं नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

पण प्रकाशकाचं उत्तर येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. बायको सारखी करंगळीने ते बटण दाबायची, ईमेल बघायची, बंद करायची. बाजारातून येताना तिने एक रोप आणलं आणि कुंडीत लावलं. मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. प्रकाशक स्वतः बोलत होते. पुस्तक नक्की, ते म्हणाले. पहिलंच कोडं सोडवायला घेतलं आणि उभ्या सातमध्ये अडकलो, सगळं कार्यालय अडकलंय, उत्तर सांगू नका. बायको फोन कानाला लावून खिडकीशी उभी होती आणि हसत होती. असं हसताना मी तिला फार दिवसांनी पाहिलं. शेवटी तिने भीतभीत विचारलं, पाचच्या आत मिळालं होतं ना सगळं?

प्रकाशकांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, त्या दिवशी त्यांच्याकडे सकाळपासून वीजच नव्हती, आणि कॉम्प्युटर आज सुरू झाला.